बासर मिस्त्रीची पुस्तकं

गिरगावात माझा छापखाना आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत पुस्तकबांधणी चालते. मी मूळचा मालवणचा. खाडीत दोरी टाकून मासे धरत लहानाचा मोठा झालो. पुस्तकं आणि मासे ही माझी दोन्ही वेडं पुढे एकाच कपाटात येऊन बसली. गळाने मासे धरण्याच्या विद्येवरची जुनी इंग्रजी पुस्तकं मी गेली कित्येक वर्षं जमवतो आहे. ऐकणारा आधी हसतो. मग मी कपाट उघडतो. शेळीच्या कमावलेल्या चामड्याची हिरवी जिल्द, पाठीवर सोन्याच्या वर्खात ठोकलेला मासा, आत हाताने रंगवलेली चित्रं हे सगळं पाहिलं, की हसणारा हात पुसून पुस्तक मागतो.

साहेबलोक देश सोडून गेले तेव्हा अशी पुस्तकं मुंबईच्या जुन्या बाजारात पोत्यांनी आली. त्यातली चांगली मी उचलली. पण माझ्या संग्रहातली सगळ्यांत देखणी पुस्तकं मुंबईची नाहीत. ती यवतमाळ जिल्ह्यातली आहेत. विदर्भ मुंबई राज्यात येऊन एखादं वर्ष झालं होतं, त्या हिवाळ्यात मी ती आणली.

यवतमाळ

माझी धाकटी बहीण यवतमाळला दिलेली. तिचे यजमान वसंतराव शेतकी खात्यात. मुर्तिजापूरला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलो. कापसाच्या शेतांमधून ती इतक्या सावकाश चालली होती, की शेजारच्या बैलगाडीवाल्याशी माझं पाऊसपाण्यावर बोलणं झालं.

बहिणीच्या घरी पहिल्याच जेवणाला फजिती झाली. वसंतरावांच्या आई म्हणाल्या, "सांबाराच्या वड्या केल्या, घ्या न जी." मी मद्रासी सांबाराची वाट पाहत बसलो आणि पानात आल्या कोथिंबिरीच्या वड्या. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वड्या मात्र अशा खमंग, की मी मुकाट्याने आणखी मागून घेतल्या.

हात धुताना वसंतरावांनी विषय काढला. "दादा, तुमच्या कामाची वस्तू पाहून आलो. महागावकडे एका तांड्यावर गेलतो दौऱ्यावर. तिथल्या नाईकाच्या घरी लाल पेटी हाये. आत इंग्रजी पुस्तकं, अन् पाठीवर सोन्याचा मासा."

"मग उचलून का नाही आणली?"

"नाईक हात कुठे लावू देते! मलेही दुरूनच दाखवली. इकत नाही म्हणते."

विकत नाही म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. त्यातली बहुतेक शेवटी विकतात. मी वसंतरावांना म्हटलं, "उद्याच निघू."

पैनगंगेच्या काठी

खात्याच्या जीपमधून आर्णीमार्गे आम्ही तांड्यावर पोचलो. पैनगंगेपासून थोडं उंचावर, पळसाच्या झाडांत, मातीच्या घरांची एक लांब रांग. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. पूर्वी ही माणसं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. आता इथे स्थिरावून शेती करतात. बायकांच्या घागऱ्यांना इतके आरसे लावलेले, की ऊन त्यांच्याबरोबर चालतंय असं वाटावं.

धर्मा नाईक हा तांड्याचा मुख्य. पन्नाशी उलटलेला, उंच, लाल पागोट्याचा माणूस. "आवो, बेसो," तो त्यांच्या बोलीत म्हणाला आणि बाज पुढे ओढली. वसंतरावांनी माझी ओळख करून दिली आणि ते पुढच्या गावी निघून गेले. परत जाताना ते मला घेऊन जाणार होते.

मी आडपडदा न ठेवता येण्याचं कारण सांगितलं. नाईकाने ऐकून घेतलं, आत गेला आणि पेटी घेऊन आला. त्याने झाकण उचललं. आत पुस्तकांवर तंबाखूची पानं आणि कडुनिंबाचा पाला पसरलेला होता. दरवर्षी दिवाळीनंतर पुस्तकं उन्हात देतात आणि पाला बदलतात, असं तो म्हणाला.

मी बांधणीचा माणूस, म्हणून आधी वास घेतला. कसरीचा वास नाही, बुरशीचा नाही. एका पानालाही किडीचं भोक नाही. एक जोडी गडद हिरव्या चामड्याची, एक तांबडी, काही अर्ध्या जिल्दीची, बाजूंना लाटालाटांचा रंगीत कागद. नद्यांवर, गळांवर, महाशीर माशावर लिहिलेली. आणि सगळ्यांत खाली एक जाडजूड पुस्तक. त्याची पानं पुठ्ठ्याची होती आणि प्रत्येक पानात चौकोनी खोबणी कापलेल्या. त्या खोबणींत गळावर पिसं आणि रेशीम बांधून केलेल्या खोट्या माश्या बसवलेल्या होत्या. चित्रं नव्हेत, खऱ्या वस्तू. माशाला फसवायला साहेबलोक अशा माश्या पाण्यावर नाचवत. हे पुस्तक अस्तित्वात असतं एवढंच मला ठाऊक होतं.

"नाईक, मागाल ते देतो," मी म्हणालो.

"इकायची गोष्ट काढू नका, सायेब. माल आमचा नाई."

"मग कुणाचा?"

"बासर मिस्त्रीचा."

आणि त्याने हकिकत सांगितली. त्याच्या बापाचे बैल एका इंग्रज जंगलसाहेबाच्या, म्हणजे जंगलखात्याच्या अधिकाऱ्याच्या, तळाचं सामान वाहत. "सायेब इलायतेले जायले निघाला, तवा त्यानं पेटी माह्या बापाच्या हाती देल्ली. म्हने, दारव्ह्याच्या बासर मिस्त्रीले पोचव. बाप गेला, तं तिथं त्या नावाचा कोनीच नाई. मंग पेटी वापस आनली. बाप मेला. मंग मी दर साली दारव्ह्याच्या बजारात जाऊन इचारतो."

"अहो, तीसेक वर्षं झाली. आता ती तुमचीच की."

नाईक रागावला नाही. अडाणी पाहुण्याला समजावून सांगावं तसं तो म्हणाला, "कशी आमची? आमी लमान, बंजारे. लोकायचा माल वाहनं हेच आमचं काम व्हतं. मीठ वाहलं, दाने वाहले, राजा-नवाबायचा माल वाहला. ज्याचा माल त्याले पोचला नाई, तवर तो आमच्या घरी पाव्हना."

मी हार मानणारा नव्हतो. मालक सापडत नाही हीच अडचण असेल तर मालक शोधू. सौदा मग त्याच्याशी करू. "मी शोधतो तुमचा मिस्त्री," मी म्हणालो. "उद्या दारव्ह्याला जाऊ."

"शोधा. पन पेटी माह्यासंग येईन."

"पेटी तुमच्या मांडीवर ठेवा, मग तर झालं?"

तो पहिल्यांदाच हसला.

दुपारी नदीवर गेलो. माझ्या पिशवीत दोरी आणि गळ कायम असतात. पैनगंगेचं पाणी हिवाळ्यात निवळ होतं, काळ्या खडकांमधले डोह हिरवे. मालवणच्या माणसाला नदीचा मासा म्हणजे जरा कमीपणाच वाटतो. आमच्याकडे बांगडा, सुरमई, पापलेट. गोड्या पाण्यातल्या माशाला आम्ही नाक मुरडतो. नाईकाला मी हे ऐटीत सांगत असतानाच शेवाळावरून पाय सरकला आणि कमरेपर्यंत पाण्यात गेलो. एक चप्पल प्रवाहाबरोबर नांदेडच्या बाजूला निघून गेली. पण दोरी हातातून सोडली नाही, आणि पाण्यात उभा असतानाच मरळ लागली. चांगली हातभर लांब. नाईक काठावर बसून पोट धरून हसत होता आणि मीही.

नाईकाच्या बायकोने ती मरळ जवसाच्या तेलात, लाल मिरचीत शिजवली. बरोबर ज्वारीची जाड भाकरी. डोळ्यांतून पाणी आलं, पण हात थांबला नाही. मी नारळाशिवाय मासा ही कल्पनाच करू शकत नव्हतो. माझं ते मत त्या दिवशी तांड्यावरच राहिलं.

दारव्हा

वसंतरावांना निरोप ठेवून आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. पायात नाईकाच्या भावाच्या वहाणा होत्या, मला दोन बोटं मोठ्या. त्या चावत होत्या. नाईकाने पेटी धोतराच्या पानात बांधून मांडीवर घेतली होती. कंडक्टर ती टपावर टाकायला निघाला, तेव्हा नाईकाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने विचार बदलला.

दारव्ह्याचा बाजार भरला होता. कापसाच्या गाड्या, बिब्ब्यांचे ढीग, मिरच्यांनी तांबडी झालेली हवा. नाईक इतकी वर्षं जिथे विचारत आला होता तिथे मीही विचारलं. कापसाच्या जिनिंगमध्ये, लोहारांकडे, चहाच्या हॉटेलात. बासर मिस्त्री? नाही बुवा. एक म्हातारा नाईकाला ओळखत होता. "दर साली येते हा," तो मला म्हणाला, "अन् दर साली हेच इचारते."

परगावी गेलो की बांधणीवाला शोधायचा, ही माझी जुनी सवय. मशिदीच्या बाजूच्या गल्लीत रहमतचाचांचं दुकान सापडलं. ते कुराणाच्या जिल्दी आणि कचेरीची दप्तरं बांधत. पेटीतलं हिरवं पुस्तक मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाठ चाचपली, शिवण पाहिली, आणि डोळे मिटून म्हणाले, "माशाअल्ला! हे चमडं पाहा, कसं रेशमासारखं हाये." धंद्यातली माणसं भेटली की ओळख करून द्यावी लागत नाही.

मी हकिकत सांगितली. चाचांनी मान हलवली. "बासर नावाचा मिस्त्री? हे नावच आमच्यात नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. त्यांच्यात ते नावच नाही. मी नाईकाला विचारलं, "तुमच्या बापाला हे नाव कुणी सांगितलं?"

"सायेबानंच. अजून कोन सांगीन?"

मी छापखान्यात इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडून माझ्या कामगारांची नावं वर्षानुवर्षं ऐकली होती. साहेबाच्या तोंडी आपल्या नावांचं काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी मोठ्याने म्हणून पाहिलं, "बॅशर... बाशर... बासर." आणि एकदम ओरडलो, "चाचा, बशीर! बशीर मिस्त्री!"

चाचांच्या हातातली सुई थांबली. "बशीर मिस्त्री? जिनवाला? अरे, तो तं आमचा साडू! केव्हाचा वणीले गेला, कोयल्याच्या खानीवर पंप दुरुस्त कराले."

"जिवंत आहेत?"

"जिवंत? मागच्या ईदले येऊन माह्या घरची सारी बिर्याणी खाऊन गेला!"

नाईक दुकानाच्या पायरीवर बसला. पेटी मांडीवर तशीच. "बशीर," तो स्वतःशीच म्हणाला. "तीस साल आमी बाप-लेक बासर-बासर करून राह्यलो." मग त्याने चाचांकडे पाणी मागितलं आणि सगळा तांब्या एका दमात प्याला.

वणी

यवतमाळला बहिणीकडे एक मुक्काम करून नाईकाने आणि मी वणी गाठली. इथे रस्ताच काळा. कोळशाचे ट्रक जातात आणि धूळ झाडांवर, गाईंवर, हॉटेलातल्या भज्यांवर बसते. चंद्रपूरच्या रस्त्यावर बशीर मिस्त्रींच्या मुलांचं ट्रकदुरुस्तीचं मोठं गॅरेज होतं. मागे पक्कं घर, अंगणात संत्र्याचं झाड, आणि झाडाखाली खाटेवर एक ठेंगणा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. डोळ्यांनी त्याला जवळजवळ दिसत नव्हतं. घरात काही कमी नव्हतं. म्हणजे पैशाचं आमिष इथे चालणार नाही, हे मी ओळखलं.

नाईक पुढे झाला. पेटी खाली ठेवून त्याने मिस्त्रींचे दोन्ही हात धरले आणि झाकणावर ठेवले. "जंगलसायेबानं धाडली तुमाले. माह्या बापाजवळ देल्ली व्हती. पोचवाले टाइम झाला."

म्हाताऱ्याने झाकण उघडलं आणि एकेक पुस्तक बाहेर काढून हाताने पाहू लागला. खालचं जाड पुस्तक हाती आलं तशी त्याची बोटं भरभर पानं उलटायला लागली. एका पानावर ती थांबली. त्या पानावरच्या माश्या इतरांपेक्षा वेगळ्या होत्या, रानकोंबड्याच्या तांबूस आणि खंड्याच्या निळ्या पिसांच्या. त्याने त्यांच्यावरून बोट फिरवलं, अगदी हलकं, आणि मुलाला हाक मारली. "अरे सलीम, इकडे ये! हे मी बांधलं हाये. हे पान माझं हाये!"

हळूहळू सगळं बाहेर आलं. साहेबाच्या गळाच्या दोरीचे मोडलेले रीळ मिस्त्री दुरुस्त करायचे. सुटीच्या दिवशी दोघे पैनगंगेवर जायचे. विलायती माशीला आपल्याकडचा महाशीर विचारत नाही म्हणून मिस्त्रींनी इथल्या पिसांच्या बांधून पाहिल्या. "साहेब म्हणे, बॅशर, तुझी माशी मी किताबात लावीन. मले वाटलं गंमत करून राह्यला." ते पान मुळात कोरं असणार. साहेबाने त्यात खोबणी मागाहून हाताने कापल्याच्या खुणा मला आता दिसल्या.

मी गळाच्या पुस्तकांसाठी आलो होतो आणि ते लपवणं मला पसंत नव्हतं. चहा झाल्यावर मी सरळ म्हणालो, "मिस्त्री, ही पुस्तकं मला हवी आहेत. माझ्याकडे ती नीट राहतील."

"यात काय लिहिलं हाये?" त्यांनी उलट विचारलं.

"मासे कसे धरायचे ते."

"ते तं मले येते. पण साहेब संध्याकाळी तंबूत बसून यातलं वाचे अन् एकटाच हसे. काहून हसे, ते मले इंग्रजी येत नसल्यानं कधी समजलंच नाही. तुम्ही वाचून सांगा. मंग पाहू."

म्हणून मी राहिलो, आणि नाईकही. सकाळी संत्र्याखाली बसायचं, पुस्तक उघडायचं आणि इंग्रजीचं मराठी करत वाचत जायचं. एका बाजूला मिस्त्री, दुसऱ्या बाजूला नाईक, मधूनमधून हातांना तेल लागलेली मुलंही येऊन टेकायची. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं वाचन केलेलं नाही. एका लेखकाने हातातून सुटलेल्या महाशीरचं वर्णन असं केलं होतं, की जणू बायकोच घर सोडून गेली. मिस्त्री इतके हसले की सुनेने पाणी आणलं. "हेच! ह्याच पानावर हसत असन तो!" दुसऱ्या एका जागी महाशीर रात्रीपेक्षा उन्हं तापायच्या आधी का खातो, पाणी गार असताना तो कुठल्या थरात फिरतो, हे सविस्तर होतं. मिस्त्रींनी ते पुन्हा वाचायला लावलं. "अरे, हे मले मालूमच नव्हतं! अन् साहेबानं कधी सांगितलं नाही. पहा, लबाड!" नाईक फार बोलत नसे. नद्यांची वर्णनं आली की मात्र पुढे सरकायचा. एकदा म्हणाला, "इलायतेत बी नदीले उन्हाळ्यात पानी कमी व्हते का?" मी वाचून सांगितलं की तिथेही होतं. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

दुपारी जेवण मिस्त्रींकडेच. नाईकासाठी सून वेगळ्या चुलीवर भाकरी थापायला निघाली, तेव्हा नाईक म्हणाला, "कायले? तुमच्याच चुलीवर टाका." आणि त्यांच्याच तव्यावरची भाकरी आम्ही तिघांनी खाल्ली. गावाकडे माझ्या आजोबांच्या पंगतीत हे चाललं नसतं. इथे कुणी त्याचा गाजावाजा केला नाही.

शेवटचं पुस्तक संपलं तेव्हा मिस्त्रींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "घेऊन जा बाकीचे. मी ऐकले. आता ते माझ्याजवळ हायेत. कागद तुम्ही ठेवा."

"पैसे..."

"वाचायचे तुम्ही मागितले का?"

"आणि हे?" मी जाड पुस्तकावर हात ठेवला. त्यासाठी मी कुठेही गेलो असतो.

मिस्त्रींनी ते माझ्या हाताखालून ओढून छातीशी घेतलं. "हे नाही, भाई. हे तुम्ही वाचलं तरी मले समजणार नाही, अन् नाही वाचलं तरी समजते."

मी आग्रह केला नाही. इतकंच केलं की पुस्तकाची मापं घेतली, आणि गिरगावात परतल्यावर माझ्या हाताने त्याच्यासाठी एक पेटी बांधली. बाहेरून तांबडं चामडं, आतून मखमल, आणि पिसांना दाब बसणार नाही अशी जागा. माझ्या दुकानातून बाहेर पडलेल्या वस्तूंत ती सर्वांत चांगली होती. पोचल्यावर सलीमने कळवलं, की अब्बा पाहुण्यांना आधी पेटी दाखवतात आणि मग पुस्तक.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे मोटारस्टँडवर गेलो. माझी गाडी उशिराची, नाईकाची आधीची. मिस्त्रींनी मुलाचा हात धरून नाईकाजवळ जाऊन विचारलं, "नाईक, इतक्या सालाचं तुमचं भाडं काय झालं ते सांगा. मी बाकी ठेवत नाही."

नाईक एसटीच्या पायरीवर चढला होता. तो मागे वळला. "भाडं? ते सायेबानं तवाच देल्लं व्हतं माह्या बापाले. बापानं त्या पैशाचा बैल घेतला, त्याच्या कमाईवर माहं लगन झालं." मग त्याने आम्हा सगळ्यांना रामराम केला, खिडकीजवळची जागा धरली, पागोटं नीट केलं, आणि गाडी सुटायच्या आतच त्याला गाढ झोप लागली.